ओठ दुभंगलेला दिसला, त्यानंतर

पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीच्या अहवालात बाळाच्या चेहऱ्याविषयी बहुधा एकच ओळ असते. ती बरी निघाली तर कोणी पुन्हा वाचत नाही. बरी निघाली नाही, तर त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत सासर, माहेर आणि शेजार मिळून निर्णय झालेला असतो. कोल्हापुरात गर्भवतींची सोनोग्राफी करताना माझ्याकडे दुसऱ्या मतासाठी जी कुटुंबे येतात, त्यांपैकी अनेकांना निदान खरे आहे का, हे विचारायचेच नसते. पुढे कुठे जायचे, एवढेच त्यांना हवे असते, आणि त्यांच्या मनातले ते ठिकाण गर्भपाताचे असते. म्हणून त्या एका ओळीविषयी सविस्तर लिहावे असे वाटले. ती कशी लिहिली जाते, तिच्यावर किती विसंबावे, आणि तिच्यानंतर कोणताही निर्णय घेण्याआधी काय काय पाहिले गेलेच पाहिजे, हे अहवाल हातात घेऊन बसलेल्या माणसाला कोणी तरी शांतपणे सांगायला हवे.

चेहरा घडतो कसा, हे थोडे समजून घेतले तर पुढचे बरेचसे सोपे होते. गर्भधारणेनंतरच्या चौथ्या आठवड्यात भावी तोंडाभोवती पाच उंचवटे दिसू लागतात. वरच्या बाजूला कपाळ आणि नाक यांचा मिळून एक, दोन्ही बाजूंना वरच्या जबड्याचे दोन आणि त्यांच्याखाली खालच्या जबड्याचे दोन. वरच्या जबड्याचे उंचवटे दोन्हीकडून मध्याकडे सरकतात, नाकाच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यांना मिळतात आणि त्या जोडणीतून वरचा ओठ तयार होतो. ही जोडणी एका बाजूला अपुरी राहिली तर एका बाजूला फट राहते, दोन्ही बाजूंना अपुरी राहिली तर दोन फटी राहतात. आधी अखंड असलेला ओठ नंतर कशाने तरी फाटला, असे येथे घडतच नाही. ओठाचे हे काम सातव्या आठवड्याच्या सुमारास आटोपते. टाळूचे काम त्यानंतर सुरू होते. टाळूचे दोन पट सुरुवातीला जिभेच्या दोन्ही अंगांना उभे असतात. जबडा वाढतो, जीभ खाली उतरते, मग हे पट आडवे होऊन मध्यभागी एकमेकांना चिकटतात, आणि बाराव्या आठवड्यापर्यंत टाळू बंद होतो. दवाखान्यात आम्ही दिवस शेवटच्या पाळीपासून मोजतो, त्यामुळे त्या हिशेबात या आकड्यांमध्ये दोन आठवडे मिळवावे लागतात.

हा हिशेब मी तपासणीच्या खोलीत अनेकदा मांडते, कारण ग्रहणाचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. गरोदर बाईने ग्रहणात काही चिरले, कापले, सुई-दोरा हातात धरला तर बाळाचा ओठ कापला जातो, ही समजूत आपल्याकडे अजून पक्की आहे, आणि ती केवळ खेड्यांपुरती आहे असे कोणी समजू नये. २०२२ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, सूर्यास्ताच्या वेळी खंडग्रास सूर्यग्रहण झाले. सणाच्या धामधुमीत ते पाळायचे राहून गेले म्हणून धास्तावलेल्या सुशिक्षित मुलीही तपासणीच्या टेबलावर पडल्या पडल्या त्याचा उल्लेख करीत. त्यांना मी एवढेच सांगते की, चौथ्या किंवा पाचव्या महिन्यात आलेल्या ग्रहणाच्या वेळी बाळाचा ओठ कधीचाच जुळून गेलेला असतो, आणि जुळलेला नसेल तर तो त्या ग्रहणाच्या कितीतरी आधी राहून गेलेला असतो. पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचे नीट कळते, नाव नोंदवले जाते आणि पहिली गोळी पोटात जाते, तोवर ओठाचे भवितव्य ठरून गेलेले असते. ग्रहणात निवांत बसून राहायचे असेल तर बसावे. त्याला माझी हरकत नाही. मात्र उपाशी राहू नये आणि पाणी बंद करू नये. माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ज्या घरात दुभंगलेल्या ओठाचे बाळ येते, तेथे या समजुतीमुळे आईला आयुष्यभर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. सासूबाई सोबत असतील तर मी त्यांच्याकडे वळून मुद्दाम सांगते, ‘मावशी, यात तुमच्या सुनेनं काही केलेलं नाही आणि काही करायचं राहिलेलंही नाही.’ हे वाक्य पतीपेक्षा सासूला ऐकवणे अधिक उपयोगी ठरते, असा माझा अनुभव आहे.

मग कारण काय? बहुतेक वेळा एकच एक कारण सापडत नाही. काही जनुकांचा वाटा असतो, काही परिस्थितीचा. गरोदरपणाच्या सुरुवातीला फिटच्या आजारावरील काही औषधे चालू असणे, आधीपासूनचा अनियंत्रित मधुमेह, आईचे धूम्रपान यांमुळे धोका वाढतो, हे ठाऊक आहे. आपल्या भागात बायका सिगारेट सहसा ओढत नाहीत, मिश्री मात्र लावतात आणि ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मनापासून ‘नाही’ म्हणतात. म्हणून मिश्रीचे नाव घेऊनच विचारावे लागते. फिटच्या गोळ्यांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे: त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटून औषध बदलता येते का, हे पाहावे. फॉलिक अॅसिडने मणक्याची व मेंदूची व्यंगे कमी होतात हे निर्विवाद आहे. ओठ-टाळूच्या बाबतीत पुरावा तितका ठाम नाही, तरी ती गोळी प्रत्येकीने दिवस राहण्यापूर्वीपासून घ्यावीच. दुभंगलेला ओठ किंवा टाळू हे व्यंग साधारणपणे ७०० ते १००० जन्मांमागे एका बाळात आढळते. ओठाची फट डाव्या बाजूला अधिक आणि मुलग्यांत अधिक दिसते; केवळ टाळूची फट मुलींत अधिक दिसते. असे का, याचे सोपे उत्तर नाही.

आता तपासणीकडे येऊ. सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसते तो फोटो नसतो, तो छेद असतो. कांदा उभा चिरला तर एक दिसते आणि आडवा चिरला तर दुसरेच दिसते, तसे बाळाच्या चेहऱ्याचे आहे; कोणत्या दिशेने छेद घेतला यावर सारे अवलंबून असते. अठराव्या ते चोविसाव्या आठवड्यांदरम्यानच्या तपासणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात चेहऱ्यापुरती किमान अपेक्षा अशी आहे की, डोळ्यांच्या दोन्ही खोबण्या, नाक व नाकपुड्या आणि वरचा ओठ नीट पाहिला जावा, आणि जमल्यास चेहऱ्याची बाजूची रेषाही पाहावी. ओठासाठी प्रोब असा धरावा लागतो की दोन्ही नाकपुड्या, वरचा ओठ, खालचा ओठ आणि हनुवटी एकाच छेदात समोर यावी. अखंड ओठ तेथे सलग, उजळ, मऊ कडेसारखा दिसतो. फट असेल तर ती नाकपुडीच्या दिशेने जाणारी काळी रेघ म्हणून दिसते आणि त्या बाजूची नाकपुडी बहुधा पसरट, खाली ओढलेली असते. मग आडवा छेद घेऊन वरच्या हिरडीची कमान पाहायची. ती कमान अखंड असेल तर फट ओठापुरती आहे अशी आशा ठेवता येते. कमान तुटलेली असेल तर फट आत टाळूपर्यंत गेलेली असण्याची शक्यता मोठी असते. मग उभा मध्यछेद घेऊन कपाळ, नाकाचे हाड, ओठ आणि हनुवटी यांची रेषा पाहायची. दोन्ही बाजूंची फट असेल तर मधला भाग सुटा राहून पुढे येतो आणि या छेदात नाकाखाली एक उंचवटा दिसतो. नवख्या डोळ्याला तो गाठीसारखा वाटून भलतेच निदान होऊ शकते.

एका छेदात फट दिसली म्हणून ती आहे असे मी लिहीत नाही. ओठाच्या मधोमध असलेल्या नैसर्गिक खळीची सावली फटीसारखी दिसते. नाळेचा वेढा ओठावरून गेला तरी फसगत होते. बाळाने तोंड उघडले किंवा जीभ बाहेर काढली तरी चित्र बदलते. दोन वेगवेगळ्या छेदांत, बाळाने तोंड मिटलेले असताना आणि उघडलेले असतानाही तीच फट त्याच जागी दिसली, तर मग ती खरी. उलट बाजूनेही सांगायला हवे. बाळ आईच्या पाठीकडे तोंड करून पडले असेल, हात चेहऱ्यासमोर धरलेले असतील, गर्भजल कमी असेल, आईच्या पोटावरची चरबी जाड असेल, तर ओठ नीट दिसत नाही. अशा वेळी बाईला अर्धा तास बाहेर फेऱ्या मारायला सांगणे, कुशीवर वळवणे, प्रसंगी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणे, एवढेच आमच्या हातात असते. राधानगरी, गगनबावडा, चंदगड अशा तालुक्यांतून एस.टी.ने आलेल्या बाईला ‘उद्या पुन्हा या’ म्हणणे जिवावर येते, हे खरे आहे. तरीही न दिसलेल्या ओठापुढे ‘व्यवस्थित’ असे लिहिण्यापेक्षा ‘बाळाच्या स्थितीमुळे नीट पाहता आले नाही’ असे लिहिणे बरे, आणि असे वाक्य ज्या अहवालात आहे तो अहवाल निकृष्ट आहे, असे वाचकांनी मानू नये. बहुधा तो प्रामाणिक असतो.

टाळूचा प्रश्न सर्वांत अवघड. ओठ आणि हिरडी अखंड असून केवळ टाळूच दुभंगलेला असेल, तर ते व्यंग जन्माआधी क्वचितच पकडले जाते. टाळू वरच्या जबड्याच्या हाडांच्या सावलीत असतो, त्याला जीभ टेकलेली असते, आणि मऊ टाळू तर आणखी मागे. पडजीभ दोन समांतर रेघांसारखी स्पष्ट दिसली तर मागचा भाग जुळलेला असल्याचा तो चांगला पुरावा असतो, पण ती प्रत्येक बाळात दाखवता येत नाही. ज्या ठिकाणी शंका मोठी आहे तेथे गर्भाच्या एमआरआयची मदत होते. मात्र सोनोग्राफी ‘नॉर्मल’ असूनही बाळाचा टाळू दुभंगलेला निघाला म्हणून संतापलेल्या पालकांना मी एवढेच सांगू शकते की, या यंत्राची मर्यादा तेथे खरोखरच आहे, आणि तपासणीआधी ती तुम्हाला सांगितली गेली नसेल तर तुमचा राग त्या न सांगण्यावर असावा.

थ्रीडी आणि फोरडीविषयी लोकांना जितके कौतुक आहे तितके मला नाही. फट आहे हे दुहेरी छेदांत पक्के झाल्यावर ती किती रुंद आहे, हिरडीपर्यंत जाते का, हे मोजण्यासाठी थ्रीडीचा उपयोग होतो; साठवलेली प्रतिमा फिरवून टाळूकडे मागून किंवा खालून पाहण्याच्या पद्धतीही आहेत. शिवाय जे शस्त्रक्रिया करणार आहेत त्यांना आणि आई-वडिलांना समजावून सांगताना ते चित्र कामी येते. परंतु थ्रीडीचा चेहरा यंत्राने जोडून, गुळगुळीत करून दाखवलेला असतो. त्यात नसलेली फट दिसू शकते आणि असलेली बुजू शकते. ‘कुणासारखं दिसतंय?’ एवढ्यासाठी तो काढून द्यावा, ही मागणी वारंवार होते, आणि मी ती नम्रपणे नाकारते.

या नाकारण्याला कोल्हापूरचा संदर्भही आहे. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात १००० मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. त्या आकड्याने जिल्ह्याची मान खाली गेली आणि पुढे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात सोनोग्राफी यंत्रांवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे, तपासणीतील चित्रे नोंदवून ठेवणारे उपकरण बसवण्याचा आदेश निघाला. त्याविरुद्ध रेडिओलॉजिस्टांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि २०११ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. आमच्या व्यवसायातील अनेकांना तो आदेश अपमानास्पद वाटला होता. मला त्यातली वेदना समजते, पण ज्या आकड्यातून तो जन्मला तो आकडा आमच्याच यंत्रांशिवाय तयार झाला नसता, हेही विसरता येत नाही. १९९४ च्या आणि २००३ मध्ये सुधारलेल्या लिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानुसार प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीची ‘एफ’ फॉर्मवर नोंद होते. बाळाचे लिंग जाणून घ्यायचे नाही असे ती लिहून देते आणि ते पाहिले वा सांगितले नाही असे आम्ही लिहून देतो. व्यंग शोधण्यासाठीची तपासणी या कायद्याने अडवलेली नाही, ती कायद्याला मान्यच आहे. त्यामुळे ‘कायद्याच्या भीतीने डॉक्टर काही सांगत नाहीत’ ही तक्रार चेहऱ्याच्या व्यंगाला लागू होत नाही. ते सांगितले गेलेच पाहिजे, आणि नीट सांगितले गेले पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. ओठाची फट दिसल्यावर त्या फटीचे वजन तिच्या लांबी-रुंदीवरून ठरत नाही. तिच्या सोबत आणखी काय आहे, यावरून ते ठरते. एका बाजूची, केवळ ओठापुरती फट असेल आणि बाळात दुसरे काहीही दिसत नसेल, तर गुणसूत्रांचा मोठा दोष असण्याची शक्यता कमी असते. दोन्ही बाजूंची फट, टाळूपर्यंत गेलेली फट, यांत ती वाढते. आणि फट अगदी मधोमध असेल तर प्रकरण गंभीर असू शकते, कारण मध्यभागाचा चेहरा आणि मेंदूचा पुढचा भाग यांची घडण एकमेकांशी बांधलेली आहे. डीमायर आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्येच दाखवले होते की चेहऱ्याच्या मधल्या भागातील व्यंगावरून मेंदूतील व्यंगाचा अंदाज बांधता येतो. दोन्ही डोळे नको इतके जवळ, नाक चपटे किंवा जवळपास नाहीच, आणि मधोमध फट, असे दिसले की ओठ बाजूला ठेवून मेंदूचे दोन अर्धगोल वेगळे झाले आहेत की नाहीत, ते आधी पाहावे लागते. ते झालेले नसतील, तर बोलणे ओठाच्या शस्त्रक्रियेचे राहत नाही.

म्हणून फट सापडल्यावर पुढचा अर्धा तास मी पुन्हा संपूर्ण बाळ तपासते: मेंदू, हृदयाचे चारही कप्पे आणि बाहेर जाणाऱ्या रक्तवाहिन्या, मूत्रपिंडे, मणका, हाताची व पायाची बोटे, बाळाची वाढ, गर्भजल. बोटे सहा आहेत, मूठ सतत आवळलेली आहे, हृदयात दोष आहे, वाढ मागे आहे, असे काहीही सोबत निघाले तर तेराव्या किंवा अठराव्या गुणसूत्राची जादा प्रत असण्याची शंका घ्यावी लागते. हृदयाचा विशिष्ट दोष आणि टाळू यांची जोडी दिसली तर बाविसाव्या गुणसूत्राचा एक लहान तुकडा गळालेला असू शकतो. अशा वेळी गर्भजल तपासणीचा पर्याय समजावून दिला जातो. तिच्यासाठी बाईची वेगळी लेखी संमती लागते, नमुना बहुधा बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, आणि सविस्तर अहवालाला काही आठवडे लागू शकतात. सोबत हृदयाची वेगळी तपासणी, जमल्यास जनुकीय सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांची भेट. आई-वडिलांचे ओठही मी निरखून पाहते. खालच्या ओठावर दोन बारीक खळगे असतील तर ते एका आनुवंशिक प्रकाराचे लक्षण असते आणि मग पुढच्या बाळांचा हिशेबच बदलतो.

चेहऱ्यात ओठाखेरीज इतर गोष्टीही असतात, त्यांतील जबड्याविषयी विशेष लिहावेसे वाटते, कारण तो दुर्लक्षित राहतो आणि जन्माच्या क्षणी तोच सर्वाधिक घात करतो. हनुवटी खूप लहान आणि मागे गेलेली असेल तर जीभ मागे पडून श्वासमार्ग अडवू शकते. अशा बाळांत टाळूही बऱ्याचदा मधोमध उघडा राहिलेला असतो. बाजूच्या रेषेत जबड्याचा कोन मोजता येतो आणि तो ५० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली गेला तर शंका घ्यावी. पुढे गर्भजल वाढू लागले तर बाळाला गिळता येत नसल्याची ती खूण असू शकते. हे आधी कळले तर बाळंतपण कुठे करायचे, हे ठरते. जेथे नवजात बाळाच्या घशात नळी घालू शकणारा माणूस त्या क्षणी हजर असेल, असे ठिकाण निवडता येते. कोल्हापूर शहरात ते शक्य आहे, पण अपरात्री डोंगराळ वाडीतून निघून वाटेत बाळंत होणाऱ्या बाईला त्याचा काही उपयोग नाही. म्हणून शेवटचे दिवस शहरातल्या नातेवाइकांकडे काढण्याचा आग्रह मी अशाच बायकांना करते. नाकाच्या हाडाचे महत्त्व अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांतील तपासणीत असते. ते न दिसणे डाउन सिंड्रोमची शक्यता वाढवते, पण ते एकटे निदान नव्हे. डोळ्याच्या कोपऱ्यात अश्रुनलिकेची लहान पाण्याची गाठ कधी दिसते, ती बहुतेकदा आपोआप जिरते.

निर्णयाच्या वेळापत्रकाविषयी थोडे कायद्याचे. गर्भपाताच्या कायद्यातील २०२१ च्या सुधारणेनंतर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने, २० ते २४ आठवड्यांदरम्यान नियमांत ठरवलेल्या गटांतील स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने, आणि त्यानंतर बाळात लक्षणीय व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने गर्भपात करता येतो. तपासणी बाविसाव्या आठवड्यापर्यंत लांबवली की पुढच्या चाचण्यांना वेळ उरत नाही, आणि मग लोक अपुऱ्या माहितीवर निर्णय घेतात. त्यामुळे एकोणिसाव्या आठवड्याच्या आसपास यावे, असे मी सुचवते. निर्णय त्या स्त्रीचा आहे, माझा नाही. पण हृदय, मेंदू, गुणसूत्रे सारे नीट असताना केवळ ओठातल्या फटीसाठी, तीही ‘मुलगी असली तर लग्न कसं व्हायचं’ या विचाराने, गर्भ पाडण्याची घाई होते तेव्हा मी स्पष्टपणे माझे मत मांडते आणि त्या जोडप्याला शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना भेटूनच ठरवा असे सांगते. एका दांपत्याला दुसऱ्या ठिकाणी तपासणी झाल्यावर दारातच ‘बाळात दोष आहे, पाडून टाका’ एवढेच सांगितले गेले होते. फट ओठापुरतीच होती आणि बाकी सर्व व्यवस्थित होते. निदान अचूक होते. सांगण्यात मात्र माणुसकी नव्हती आणि वैद्यकशास्त्रही नव्हते.

शस्त्रक्रिया करणाऱ्यांची भेट झाली की बहुतेक घरांतील भीती निम्म्याने उतरते. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात होते. बाळाचे वजन आणि हिमोग्लोबिन पुरेसे असावे लागते. टाळूची नऊ ते अठरा महिन्यांदरम्यान, म्हणजे बोलणे रुळण्याच्या आधी. हिरडीत फट असेल तर पुढे आठ ते अकरा वर्षांच्या सुमारास तेथे हाड बसवावे लागते. टाळू दुभंगलेल्या बाळांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठते, म्हणून कानाची तपासणी आणि नंतर वाचा-उपचार हे शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे आहेत, आणि नेमके तेच मध्येच सोडले जातात, असे दिसते. टाके निघाले, फोटोत ओठ छान दिसू लागला की घरच्यांना काम झाले असे वाटते. खर्चाची भीती मात्र बाळगू नये. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ व टाळू यांचा समावेश आहे. अंगणवाडी आणि शाळांत येणाऱ्या पथकांमार्फत किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातून पुढील उपचारांची वाट मिळते. ‘स्माइल ट्रेन’ या संस्थेच्या मदतीने देशभरात अनेक रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते.

त्याआधीचे तीन महिने हे दुधाचे असतात. फट केवळ ओठापुरती असेल तर बाळ बहुधा अंगावर पिऊ शकते. आईने स्तनाचा भाग फटीवर येईल असे धरले की पकड जमते. टाळू उघडा असेल तर तोंडात ओढ तयार होत नाही, बाळ खूप वेळ चोखते, दमते आणि वजन वाढत नाही. अशा बाळाला आईचे दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे, पाजताना जवळजवळ बसते धरावे, थोडे थोडे द्यावे आणि मध्ये ढेकर काढावी. दूध नाकातून आले म्हणून घाबरू नये. आजीच्या काळातले बोंडले अनेक घरांत अजून माळ्यावर असते. ते उकळून घेतले की पुरे. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाच्या सुमारास या बायका पुन्हा वाढीच्या तपासणीला येतात, तेव्हा मी त्यांना हे सारे एकदा हाताने करून दाखवते, कारण बाळंतपणानंतरच्या गोंधळात कोणी शिकवील याची खात्री नसते.

पुढच्या खेपेचा प्रश्न सर्वजण विचारतात, बहुधा दारापर्यंत जाऊन परत वळून. आई-वडिलांना स्वतःला हे व्यंग नसेल, कोणताही आनुवंशिक सिंड्रोम निघालेला नसेल आणि एकच बाळ असे असेल, तर पुढच्या बाळात ते येण्याची शक्यता साधारण ४ टक्के असते, म्हणजे शंभरातील सुमारे ९६ बाळे या व्यंगावाचून जन्मतात. आई किंवा वडिलांनाही फट असेल, किंवा दोन भावंडांना असेल, तर शक्यता वाढते आणि जनुकीय सल्ला घेणे योग्य ठरते. पुढच्या वेळी दिवस राहण्याचा विचार करतानाच फॉलिक अॅसिड सुरू करावे, साखर तपासावी, मिश्री सोडावी, चालू औषधे डॉक्टरांना दाखवावीत. तपासणीला पहिल्यांदा अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांदरम्यान यावे, कारण मोठी फट कधी कधी तेव्हाच संशयास्पद दिसते. आणि तेव्हा काही दिसले नाही तरी एकोणिसाव्या आठवड्यात पुन्हा यावे, मागच्या बाळाचे सर्व कागद, शस्त्रक्रियेच्या नोंदींसह, सोबत घेऊन.